विश्लेषण : थीम पार्कमध्ये बाळाला पाजायचे कुठे? हक्क मिळाला, जागेचे काय?

सार्वजनिक ठिकाणी बाळाला पाजता येणे हा आईचा आणि बाळाचा हक्क आहे आणि त्यासाठी सोयीची जागा उपलब्ध करून देणे ही सरकारची जबाबदारी आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले. मात्र तिकीट काढून आत जायच्या खासगी थीम पार्क आणि वॉटर पार्कमध्ये हा हक्क कसा बजावायचा? ‘हिरकणी कक्षां’चा महाराष्ट्राचा अनुभव काय सांगतो? आणि तान्ह्या बाळाला घेऊन सहलीला निघालेल्या कुटुंबाने काय लक्षात ठेवावे?

प्रश्न नेमका काय आहे?

पावसाळ्यातल्या कोणत्याही रविवारी पुण्याहून ताम्हिणीकडे जाणारा रस्ता गाड्यांनी भरलेला असतो. पौड, माले, मुळशी धरणाचा परिसर, मग घाट आणि पलीकडे कोकण. या गाड्यांमध्ये आजी-आजोबा असतात, तशी तान्ही बाळेही असतात. बाळ रडू लागले की माले गावाच्या आसपास गाडी बाजूला घेतली जाते, काचेला ओढणी अडकवली जाते आणि आई मागच्या सीटवर बाळाला पाजते. सोय फार चांगली नाही, पण निदान आडोसा आपला असतो.

याच रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भाताची खाचरे आहेत. लावणीच्या दिवसांत बांधावर बसून बाळाला पाजणारी बाई मुळशीत कुणाला नवी नाही. तिच्याकडे कुणी वळून पाहत नाही, तिला कुणी ‘आत जाऊन बसा’ म्हणत नाही. बाळाला अंगावर पाजणे ही लाजेची गोष्ट आहे, हा समज गावाकडून शहरात आलेला नाही. तो मॉल, हॉटेल आणि थीम पार्कच्या चकचकीत फरशीवर तयार झाला आहे.

थीम पार्कमध्ये दिवस मोठा असतो. सकाळी दहा-अकराला आत गेलेले कुटुंब संध्याकाळीच बाहेर पडते. अनेक ठिकाणी एकदा बाहेर पडले की त्याच तिकिटावर पुन्हा आत येता येत नाही. म्हणजे गाडीतला तो ओढणीचा आडोसाही हातचा जातो. वॉटर पार्कमध्ये आणखी एक अडचण असते. पाण्यात उतरायला नायलॉनचाच पोशाख लागतो आणि तो अंगाला घट्ट चिकटलेला असतो. अशा ओल्या पोशाखात बाळाला पाजायचे म्हणजे कपडे बदलण्याच्या खोलीत जायचे. तिथे ओली फरशी, बाहेर रांग आणि बसायला काही नाही. बऱ्याच आया शेवटी स्वच्छतागृहात उभ्याने पाजतात. ज्या जागी आपण स्वतः चहाही पिणार नाही, तिथे बाळाचे जेवण होते.

महाराष्ट्राला मनोरंजन उद्याने नवी नाहीत. गोराईचे एस्सेलवर्ल्ड १९८९ मध्ये सुरू झाले, खोपोलीजवळचे इमॅजिका २०१३ मध्ये. पुण्याच्या आसपास सिंहगडाच्या पायथ्यापासून लोणावळ्यापर्यंत वॉटर पार्क उभे राहिले. अशी ठिकाणे ‘फॅमिली’साठी म्हणून जाहिरात करतात. त्या फॅमिलीतला सर्वांत लहान सदस्य काय खातो, एवढाच हा प्रश्न आहे.

थोड्या वेळाने पाजले तर काय बिघडते?

‘तासाभरात निघूच, मग गाडीत पाज,’ असे घरातली वडीलधारी मंडळीही सहज म्हणून जातात. पण सुरुवातीच्या काही आठवड्यांत बाळाला दिवसभरात आठ ते बारा वेळा दूध लागते. म्हणजे साधारण दोन-तीन तासांनी, कधी त्याहून लवकर. बाळाचे पोट लहान असते आणि आईचे दूध लवकर पचते. मोठ्या माणसासारखे ‘जरा वेळाने जेवू’ त्याला जमत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार पहिले सहा महिने बाळाला केवळ आईचे दूध द्यावे, वरचे पाणीसुद्धा नको. त्यानंतर वरच्या आहाराबरोबर दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ स्तनपान चालू ठेवावे. भारतात सहा महिन्यांखालील केवळ स्तनपानावर असलेल्या बाळांचे प्रमाण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ६३.७ टक्के होते. उरलेल्यांमध्ये पाणी, वरचे दूध किंवा पावडरचे दूध कुठल्या ना कुठल्या कारणाने सुरू झालेले असते. ‘बाहेर जाताना सोपे पडते’ हेही त्यातले एक कारण.

आईच्या बाजूनेही पाहायला हवे. वेळेवर पाजले नाही तर दूध साचून स्तन कडक होतात, दुखतात, गाठी धरतात. दुर्लक्ष झाले तर सूज येऊन तापही भरतो. शिवाय पान्हा हा काही नळ नव्हे. तो फुटण्यासाठी ऑक्सिटोसिन नावाचे संप्रेरक लागते आणि घाबरलेल्या, संकोचलेल्या, घाईत असलेल्या आईच्या शरीरात त्यालाच अडथळा येतो. दारावर कुणी थाप मारत असेल, समोर कुणी टक लावून पाहत असेल तर दूध असूनही उतरत नाही. बाळ आणखी रडते, लोक आणखी पाहतात. म्हणूनच ‘सोयीने’ पाजता येणे याला वैद्यकीय कारण आहे. ते लाड नव्हेत.

सर्वोच्च न्यायालय काय म्हणाले?

या वादाची न्यायालयीन सुरुवात २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात झाली. नऊ महिन्यांच्या एका बाळाच्या नावाने याचिका दाखल झाली होती आणि सार्वजनिक ठिकाणी स्तनपानाची सोय नाही, ही त्यातली तक्रार होती. त्याच वर्षी कोलकात्यातील एका मॉलमध्ये आईला स्वच्छतागृहात जाऊन पाजण्यास सांगितले गेले आणि समाजमाध्यमांवर मोठा गदारोळ झाला. पुढे सप्टेंबर २०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने स्तनपान हा आईचा अविभाज्य हक्क असून त्याला राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ चे संरक्षण आहे, असे म्हटले. ते प्रकरण वेगळे होते, एका बाळाच्या ताब्याचे. पण तत्त्व मांडले गेले.

‘मातृ स्पर्श’ या उपक्रमाच्या वतीने सर्वोच्च न्यायालयात आलेल्या याचिकेवर न्या. बी. व्ही. नागरत्ना आणि न्या. प्रसन्न वराळे यांच्या खंडपीठाने १९ फेब्रुवारी २०२५ रोजी आदेश दिला. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २७ फेब्रुवारी २०२४ रोजीच सर्व राज्यांच्या मुख्य सचिवांना पत्र पाठवून सार्वजनिक ठिकाणी स्तनपान कक्ष, पाळणाघरे यांची व्यवस्था करण्याचा सल्ला दिला होता. न्यायालयाने त्या पत्राला बळ दिले. केंद्राने राज्यांना स्मरणपत्र पाठवावे, सध्याच्या सार्वजनिक ठिकाणी शक्य तितकी अंमलबजावणी व्हावी आणि ज्या सार्वजनिक इमारती नियोजनाच्या किंवा बांधकामाच्या टप्प्यावर आहेत त्यांत यासाठी पुरेशी जागा राखून ठेवावी, असे निर्देश दिले. अनुच्छेद ५१अ (ई) मधील मूलभूत कर्तव्याची आठवणही न्यायालयाने करून दिली. स्त्रियांच्या प्रतिष्ठेला बाधा आणणाऱ्या प्रथा सोडणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य आहे. त्यामुळे सार्वजनिक ठिकाणी स्तनपान करणाऱ्या आईकडे कलंक म्हणून पाहिले जाऊ नये, हा त्याचा अर्थ.

आदेश महत्त्वाचा आहे, पण त्यातला ‘शक्य तितकी’ हा शब्दप्रयोगही तितकाच महत्त्वाचा आहे. सरकारी कामकाजात या दोन शब्दांत बरेच काही सामावते.

खासगी पार्कला हे लागू होते का?

खरी मेख इथे आहे. केंद्राचे पत्र राज्यांना आहे, न्यायालयाचे निर्देशही सरकारांना आहेत. खासगी थीम पार्क ही सरकारी इमारत नव्हे. त्यामुळे ‘आमच्याकडे कक्ष का नाही’ या प्रश्नावर ‘आम्हाला तसा आदेश नाही’ असे उत्तर मिळू शकते.

मात्र राज्यघटनेतच एक तरतूद आहे, जिच्याकडे या चर्चेत फारसे लक्ष जात नाही. मूलभूत हक्क सहसा सरकारविरुद्ध वापरता येतात. अनुच्छेद १५ (२) हा त्याला अपवाद आहे. केवळ धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यावरून कोणत्याही नागरिकाला दुकाने, उपाहारगृहे, हॉटेल आणि ‘सार्वजनिक करमणुकीची ठिकाणे’ येथे प्रवेश नाकारता येत नाही किंवा त्यावर अटी घालता येत नाहीत, असे तो सांगतो. ही ठिकाणे खासगी मालकीची असली तरीही. थीम पार्क म्हणजे करमणुकीचे ठिकाणच. पाजणाऱ्या आईला तिथून उठवणे हे लिंगावरून घातलेले बंधन ठरते, असा युक्तिवाद या कलमावर करता येतो. शिवाय तिकीट घेतलेली व्यक्ती ग्राहक असते. तिला अपमानास्पद वागणूक मिळाली तर सेवेतील त्रुटी म्हणून ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली दाद मागण्याचा मार्गही खुला आहे.

पण हा सगळा वळसा झाला. इतर काही देशांनी तो सरळ केला आहे. ब्रिटनमध्ये २०१० च्या समानता कायद्यानुसार स्तनपान करणाऱ्या स्त्रीला दुकानदाराने, हॉटेलने किंवा अन्य सेवा पुरवठादाराने वाईट वागणूक देणे हा लिंगभेद ठरतो. स्कॉटलंड त्याहून पुढे गेला. तिथल्या २००५ च्या कायद्याने दोन वर्षांखालील मुलाला सार्वजनिक ठिकाणी दूध पाजण्यापासून रोखणे हाच गुन्हा केला. अमेरिकेत २०१८ पासून सर्व ५० राज्यांत आईला कुठेही पाजण्याची मुभा कायद्याने आहे. आपल्याकडे बाळंतपणाच्या रजेचा कायदा आहे, दुधाच्या पावडरीच्या जाहिरातींवर बंदी घालणारा १९९२ चा कायदा आहे. पण ग्राहक म्हणून, प्रवासी म्हणून किंवा पर्यटक म्हणून घराबाहेर पडलेल्या आईसाठी असा थेट कायदा नाही.

‘हिरकणी कक्षां’चा अनुभव काय सांगतो?

महाराष्ट्रात या खोल्यांना ‘हिरकणी कक्ष’ म्हणतात. नाव चपखल आहे. ताम्हिणी उतरून माणगावच्या बाजूने पुढे गेले की रायगड लागतो. दूध विकायला गडावर गेलेल्या हिरकणीला संध्याकाळी दरवाजे बंद झाल्यावर परत सोडले नाही आणि घरी तान्हे बाळ भुकेले म्हणून ती रात्री कडा उतरून गेली, ही आख्यायिका प्रत्येक मराठी मुलाला ठाऊक असते. आपण त्यातली आईची माया लक्षात ठेवतो. दरवाजावरचे पहारेकरी नियमावर बोट ठेवून उभे होते, हा भाग मात्र फारसा आठवत नाही. पुनर्प्रवेश नाकारणाऱ्या फाटकावरचा आजचा सुरक्षारक्षक त्यांच्याच जागी उभा आहे आणि त्याचाही तसा दोष नाही. नियम वरून आलेला असतो.

एसटी स्थानके, सरकारी कार्यालये, रुग्णालये अशा ठिकाणी हे कक्ष सुरू झाले. हेतू चांगलाच होता. मात्र कक्षाला कुलूप, किल्ली कुणाकडे ते माहीत नाही, आत जुने फर्निचर किंवा कागदपत्रांचे गठ्ठे, पंखा बंद, अशा बातम्या मराठी वृत्तपत्रांत जिल्ह्याजिल्ह्यांतून वारंवार येत राहिल्या.

सर्वांत बोलके उदाहरण विधान भवनातले आहे. देवळालीच्या आमदार सरोज अहिरे डिसेंबर २०२२ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाला सुमारे अडीच महिन्यांच्या बाळाला घेऊन आल्या. त्याचे मोठे कौतुक झाले, छायाचित्रे छापून आली. पुढच्या वर्षी मुंबईतल्या अर्थसंकल्पी अधिवेशनात त्या पुन्हा बाळासह आल्या, तेव्हा हिरकणी कक्षात धूळ होती आणि बाळाला ठेवण्यासारखी सोय नव्हती. बाळ आजारी असताना अशा खोलीत त्याला कसे ठेवायचे, असे विचारताना त्यांना अश्रू आवरले नाहीत. बातमी झाल्यावर यंत्रणा हलली. कायदे करणाऱ्या सभागृहाच्या इमारतीत, आमदार असलेल्या आईला हा अनुभव आला. एसटी स्थानकावर बसची वाट पाहणाऱ्या बाईच्या तक्रारीने कोण हलणार?

इतर राज्यांतही प्रयत्न झाले. तमिळनाडूने ऑगस्ट २०१५ मध्ये एकदम साडेतीनशेच्या आसपास बसस्थानकांवर स्तनपानाच्या खोल्या सुरू केल्या. ताजमहालात २०१९ मध्ये अशी खोली झाली आणि देशी-परदेशी पर्यटकांच्या गर्दीच्या स्मारकात ती करता येते, हे दिसले. खोली बांधणे अवघड नाही. ती रोज उघडी, झाडलेली आणि बसण्याजोगी ठेवणे हे काम कुणाच्या तरी नावावर लागते. जिथे ते कुणाच्याच नावावर नसते, तिथे वर्षभरात अडगळीची खोली तयार होते.

कक्ष आहे म्हणून तिथेच जा, हे योग्य का?

नाही. आणि याचा धडा जगातल्या सर्वांत प्रसिद्ध थीम पार्कनेच दिला आहे. डिस्नीच्या उद्यानांत ‘बेबी केअर सेंटर’ नावाची सुसज्ज जागा असते. पाजण्यासाठी शांत खोली, खुर्च्या, दुपटी बदलण्याची टेबले, सगळे काही. तरीही जुलै २०२१ मध्ये पॅरिसजवळच्या डिस्नीलँडमध्ये बाकावर बसून बाळाला पाजणाऱ्या एका आईला सुरक्षारक्षकांनी थांबायला सांगितले. छायाचित्र पसरले, फ्रान्सच्या मंत्र्यांनीही आईची बाजू घेतली आणि उद्यानाला माफी मागावी लागली. उद्यानात स्तनपानावर कुठलीही बंदी नाही, हे त्यांना जाहीर करावे लागले.

म्हणजे खोल्या होत्या, पैसा होता, नियमही आईच्या बाजूने होता. फाटकावर आणि बागेत उभ्या असलेल्या माणसाला तो कुणी सांगितला नव्हता. उलट खोली असल्यामुळेच ‘मग तिथे का जात नाही’ हा प्रश्न विचारणे सोपे झाले. आठवड्यातून एकदा होणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या बैठकीत दोन वाक्ये सांगितली असती तर हे टळले असते. कक्ष ही आईची निवड असावी. तिला एकांत हवा असेल तर तो मिळावा, आणि मोठ्या मुलाची राइड समोर सुरू असताना बाकावर बसूनच धाकट्याला पाजायचे असेल तर तेही तिला मोकळेपणाने करता यावे. खोली पार्कच्या एका टोकाला आणि मोठे मूल दुसऱ्या टोकाला, अशी स्थिती असेल तर ती खोली असून नसल्यासारखीच.

कुणी फोटो काढला तर?

हातोहाती कॅमेरा आल्यापासून संकोचाचे हे नवे आणि रास्त कारण झाले आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ नुसार स्त्रीच्या खासगी क्षणाचे चोरून चित्रण करणे हा गुन्हा आहे आणि पहिल्या गुन्ह्याला एक ते तीन वर्षांची शिक्षा आहे. मात्र जिथे एकांताची अपेक्षा असते अशा जागेचा उल्लेख त्या कलमात आहे. त्यामुळे स्तनपान कक्षात ते सरळ लागू होते, उघड्यावर वाद घातला जाऊ शकतो. तिथे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ई अधिक उपयोगी आहे. जागा सार्वजनिक आहे की खासगी, याला त्यात महत्त्व नाही. संमतीशिवाय शरीराच्या खासगी भागाचे छायाचित्र काढणे किंवा पसरवणे हा गुन्हा असून त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. शेरेबाजी, हावभाव किंवा स्त्रीच्या खासगीपणात ढवळाढवळ यासाठी न्याय संहितेचे कलम ७९ आहे. इंग्लंड आणि वेल्सने २०२२ मध्ये पाजणाऱ्या आईचे संमतीशिवाय छायाचित्र काढणे हा स्वतंत्र गुन्हा केला. आपल्याकडे तेवढी स्पष्टता नसली तरी तक्रार करण्याइतका आधार नक्की आहे. अशा वेळी आधी पार्कच्या व्यवस्थापकाला बोलवावे आणि लगेच ११२ वर फोन करावा. समोरच्याचा मोबाइल हिसकावून घेण्याच्या भानगडीत घरच्यांनी पडू नये.

स्तनपान स्वतः अश्लील कृत्य ठरू शकते का, असाही प्रश्न कधी कधी उपस्थित केला जातो. अश्लील कृत्याचे कलम (आता न्याय संहितेतील २९६) दुसऱ्यांना उपद्रव होईल अशा अश्लील वर्तनासाठी आहे. बाळाची भूक त्यात बसत नाही.

पार्कने काय करायला हवे?

फार काही नाही. पाठ टेकता येईल आणि हात ठेवता येईल अशी खुर्ची, आतून कडी, पंखा, हात धुवायला नळ, दुपटे बदलायला टेबल, कचरापेटी आणि एक प्लगचे सॉकेट. एवढे मावायला छोटी खोली पुरते. ती स्वच्छतागृहाच्या आत नको, हे एक पथ्य. दुसरे म्हणजे ती नकाशावर दाखवलेली हवी. बहुतेक पार्कच्या नकाशावर आइस्क्रीमचा प्रत्येक स्टॉल असतो.

काही गोष्टींना तर खर्चच नाही. पाजण्यासाठी गाडीपर्यंत जाऊन येणाऱ्या आईला हातावर शिक्का मारून पुन्हा आत घेता येईल. डिस्नीच्या उद्यानांत राइडसाठी पालकांना आळीपाळीने जाता येते. एकजण बाळाजवळ थांबतो, दुसरा जाऊन येतो, मग पहिल्याला पुन्हा पूर्ण रांग लावावी लागत नाही. आपल्याकडे बहुतेक वेळा बाळासह पिशव्या, चपला आणि सगळ्यांचे मोबाइल सांभाळत आईच दिवसभर बाकावर बसते. तिकीट मात्र तिचेही पूर्ण असते.

यात पार्कमध्ये काम करणाऱ्या महिलांचाही विचार व्हायला हवा. प्रसूती लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. मूल १५ महिन्यांचे होईपर्यंत आईला कामाच्या वेळेत पाजण्यासाठी दोन वेळा सुटी मिळण्याची तरतूदही आहे. तिकीट खिडकीवरच्या किंवा स्वच्छतेच्या कामावरच्या तरुण आईलाही तीच खोली वापरता आली पाहिजे. किंबहुना कर्मचारी रोज वापरत असतील तर ती अडगळीची खोली होण्याची शक्यताच कमी.

राज्य सरकारनेही ‘ते खासगी आहे’ म्हणून हात झटकण्याचे कारण नाही. अशा उद्यानांना बांधकामापासून करमणुकीपर्यंत अनेक परवानग्या सरकारी यंत्रणाच देतात. अग्निशमनाची अट घालता येते, तशी याही सोयीची घालता येईल.

जाणाऱ्या कुटुंबाने काय लक्षात ठेवावे?

तिकीट काढण्याआधी पार्कला फोन करावा आणि तीन गोष्टी विचाराव्यात : स्तनपानाची खोली आहे का व कुठे, बाहेर जाऊन परत येता येते का, आणि बाळाचे खाणे व काढलेले दूध आत नेता येते का. बाहेरचे खाद्यपदार्थ न नेऊ देणारी ठिकाणेही बाळाच्या खाण्याला बहुधा अडवत नाहीत, पण फाटकावर वाद घालण्यापेक्षा आधी विचारलेले बरे. खोली नसेल तर प्रथमोपचार केंद्र विचारावे. तिथे सहसा पडदा, पंखा आणि खुर्ची असते.

आत जाण्याआधी गाडीतच एकदा पोटभर पाजून घ्यावे. पुढच्या वेळी बाळ रडण्याची वाट पाहू नये. तोंडाकडे मूठ नेणे, ओठ चाटणे, मान वळवून शोधणे ही भुकेची आधीची लक्षणे. तेव्हाच जागा गाठली तर शांतपणे पाजता येते. रडून लाल झालेले बाळ नीट ओढत नाही. दुपारच्या जेवणाची गर्दी ओसरल्यावर उपाहारगृहातले भिंतीकडचे टेबल किंवा आत बसून पाहायच्या खेळाचे वातानुकूलित सभागृह या चांगल्या जागा. मात्र मोठा आवाज असलेला खेळ टाळावा.

कपडे दोन भागांचे असावेत. वर सैल कुर्ता किंवा समोरून उघडणारा शर्ट असला की पदर-ओढणी सांभाळण्याची कसरत उरत नाही. आडोसा हवा असेल तर पातळ सुती ओढणी खांद्यावरून घ्यावी, पण बाळाचे तोंड पूर्ण झाकू नये. एप्रिल-मेच्या उकाड्यात जाड कापडाखाली बाळ पटकन तापते. सहा महिन्यांखालच्या बाळाला थेट उन्हात ठेवू नये. ऊन आहे म्हणून पाणीही पाजू नये. आईच्या दुधात साधारण ८७ टक्के पाणीच असते, त्यामुळे उन्हाळ्यात पाजण्याच्या वेळा वाढवाव्यात. पाण्याची बाटली आईच्या हातात हवी आणि ती संपली का, हे पाहण्याचे काम बाबांनी घ्यावे.

वॉटर पार्कमध्ये आई पाण्यात उतरली असेल तर पाजण्याआधी साध्या पाण्याने अंग धुऊन कोरडा कुर्ता चढवावा. तलावातल्या क्लोरीनमुळे दूध बिघडत नाही, पण त्वचेवर राहिलेली चव आणि वास बाळाला नकोसा होतो. शिवाय ओल्या, गार अंगाशी बाळ कुडकुडते. राइडबाबतही सबुरी बरी. सिझेरियन झालेले असेल किंवा बाळंतपणाला थोडेच महिने झाले असतील तर जोरदार धक्क्यांच्या राइडवर बसण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

दूध काढून नेणाऱ्यांनी घड्याळ लक्षात ठेवावे. २५ अंशांपर्यंतच्या तापमानात काढलेले दूध चार तास चालते, पण आपल्याकडे उन्हाळ्यात सावलीतही पारा त्याच्या वर असतो. त्यामुळे बर्फाच्या पाकिटांसह बंद थर्मल पिशवी हवी. त्यात ते २४ तासांपर्यंत टिकते. बाळाने अर्धवट पिऊन ठेवलेले दूध दोन तासांच्या आत संपवावे, नाही तर टाकून द्यावे. दूध बाटलीने दिले तरी आईचे स्तन भरतातच, म्हणून तिला ठरल्या वेळी काढून टाकण्यासाठीही जागा लागते. बाटली नेली म्हणजे जागेचा प्रश्न मिटला, असे होत नाही.

कर्मचाऱ्याने हटकले तर आवाज न चढवता त्याचे नाव आणि वेळ टिपावी, व्यवस्थापकाला बोलवावे आणि ‘कुठल्या नियमाखाली?’ असे विचारावे. असा नियम लेखी दाखवता येणे अवघड आहे. तिकीट जपून ठेवावे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार मराठीतही नोंदवता येते.